मित्रकीटकांची चढाओढ



काट्याने काटा काढतात हे आपल्याला माहीत आहे. तशीच किडीने कीडही मारता येते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात उसाच्या पानामागे टाचलेली कागदाची पट्टी पुष्कळांनी पाहिली असेल. ते ट्रायकोकार्ड. एका कार्डावर सुमारे २०,००० बारीक अंडी चिकटवलेली असतात. अंडी असतात तांदळातल्या पतंगाची, पण त्यांच्या पोटात वाढत असते ट्रायकोग्रामा नावाची माशी.

ही माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती माणसाला चावत नाही. उसावर खोडकिडीच्या पतंगाने घातलेली अंडी ती शोधते आणि त्यांच्या आत आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून खोडकिडीची अळी निघतच नाही, माशीच निघते. अशा कीटकांना परोपजीवी मित्रकीटक म्हणतात.

आता एकाच अंड्यावर दोन माश्या आल्या तर काय होईल? घास एक आणि खाणारे दोन! आत अन्न थोडे. मग पिल्ले उपाशी मरतात, नाहीतर खुरटी निपजतात. काही जातींच्या अळ्यांचे जबडे सुळ्यासारखे असतात. त्या दुसरीला मारूनच टाकतात. म्हणून ट्रायकोग्रामा आधी मिशांनी अंडे चाचपून पाहते. ते आधीच कोणी धरलेले असेल तर बहुधा सोडून देते.

म्हणूनच कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर लावायच्या असतात. ही माशी फार लांब उडत नाही. सगळे कार्ड एका कोपऱ्यात लावले तर माश्या तिथल्या तिथेच भांडत बसतील आणि बाकीचा ऊस कीड खाईल.

मग निरनिराळ्या जाती एकत्र सोडल्या तर त्यांच्या भांडणात शेतकऱ्याचा तोटा होईल का? याचे उत्तर पपईने दिले. २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरकडे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. पुढे तो आपल्या महाराष्ट्रातही आला. हा मूळचा मेक्सिकोकडचा, त्यामुळे त्याचे तिकडचे शत्रू इकडे नव्हते. अंगावर मेणासारखे पांढरे पीठ असल्याने औषधही त्याला नीट लागेना. तेव्हा २०१० साली बंगळूरच्या सरकारी कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या माश्या आणल्या आणि तपासून मग सोडल्या. त्यांपैकी दोघींची नावे ॲसेरोफॅगस आणि ॲनागायरस.

शास्त्रज्ञांनी या माश्यांची चढाओढ प्रयोगशाळेत लावून पाहिली आहे. ढेकूण लहान असताना ॲसेरोफॅगस सरस ठरली, तो मोठा झाल्यावर ॲनागायरस. शेतात मात्र ॲसेरोफॅगसनेच बाजी मारली. बाकीच्या मागे पडल्या, पण कीड हटली आणि शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च वाचला.

प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. म्हणून कोणती माशी कोणाबरोबर नांदेल हे आधी तपासावे लागते. आपल्या हाती एवढे नक्की आहे. पालकांनी कार्ड लावण्याच्या आगेमागे विषारी औषध फवारू नये, कारण त्याने आधी मित्रच मरतात. आणि मुलांनो, उसाच्या पानामागे पट्टी दिसली तर ती खेळायला म्हणून काढू नका. तिच्यात हजारो राखणदार झोपलेले असतात!