पडद्याआडचा खून आणि परवीन मिस्त्री

1921 ची मुंबई. गिरणीमालक ओमर फरीद वारतो. त्याच्या तिन्ही बेगमा आपला वाटा दान करायला निघतात. त्यातल्या एकीने सहीच्या जागी चक्क फुली मारलेली! वकील परवीन मिस्त्रीला तिथेच शंका येते. पुढे खूनही पडतो.

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (2018) ही कादंबरी इथून रंगते.

बायका पडदानशीन, त्यामुळे पुरुष पोलिसांचे हात बांधलेले. आत जाऊ शकते ती परवीनच. हे पात्र बेतलंय नाशिकला जन्मलेल्या, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींवरून.

परवीनच्या फसलेल्या लग्नाचं उपकथानक जरा लांबतं, पण जुन्या मुंबईसाठी तरी वाचाच. आवडली तर मालिकेत पुढचे भागही आहेत.