‘आवक’ म्हणजे मालाची आवक नव्हे!

नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत यंत्रमागाच्या आधाराने स्थिरावली. बारावीचा निकाल लागला की या घरांत धांदल उडते ती कागदांची.

प्रवेशाच्या यादीत ‘आवकनो दाखलो’ मागितलेला असतो. आपल्याकडे आवक होते ती बाजार समितीत, कांद्याची नि कापसाची. गुजरातीत आवक म्हणजे उत्पन्न! हा उलगडा होईपर्यंत ‘छेल्ली’, म्हणजे शेवटची, तारीख दारात येते.

२०२४ पासून गुजरातच्या सरकारी विद्यापीठांत पदवी प्रवेशासाठी सामाईक ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. सुरतचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठही तीत आहे. मुदत उलटली की पुढच्या फेरीची वाट पाहणे आले.

दुसरी गाठ जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती स्थलांतराबरोबर परराज्यात जात नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला. तो खटलाही वैद्यकीय प्रवेशाचाच, वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या मुलाचा होता. तेव्हा गावचा दाखला सुरतेत चालेल, या भरवशावर राहू नये.

पालकांनी उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढावा. बारावी महाराष्ट्रातून झाली असल्यास निकाल हाती येताच मंडळाकडे स्थलांतर प्रमाणपत्र मागावे. यादी मात्र गुजराती जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी. विचारण्यात कमीपणा कसला? मुलाचे वर्ष त्याहून मोलाचे आहे.