नागिणीचं वजन जातं कुठे?

विज्ञानकथेचे चाहते भांडतात फार. विषय ऐकले तर घरातली वडीलधारी माणसं कपाळाला हात लावतील. रूप पालटणारं पात्र मुंगी झालं, तर त्याचं वजन मुंगीएवढं होतं की माणसाएवढंच राहतं? ताऱ्यांकडे निघालेलं यान चालतं कशावर? मला मात्र ही भांडणं ओळखीची वाटतात. बँकेत तीन दशकं काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? दोन्हीकडे प्रश्न एकच, जमा आणि खर्च जुळतात का?

भांडण जुनंच आहे. ज्यूल व्हर्ननं १८६५ साली आपले वीर नऊशे फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे उडवले. भा. रा. भागवतांनी ती कथा 'चंद्रावर स्वारी' म्हणून मराठी मुलांच्या हाती दिली. पुढे १९०१ साली एच. जी. वेल्सनं वेगळी वाट काढली. गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच त्यानं कल्पिला! म्हातारा व्हर्न चिडला. मी विज्ञान वापरतो, हा गृहस्थ ते रचतो. तो धातू आणून दाखवा म्हणावं, असा त्याचा सूर होता. गंमत अशी, की व्हर्नचाही ताळेबंद जुळत नव्हता. नऊशे फुटांच्या नळीत सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. चंद्रावर पोचली असती ती नुसती चटणी.

खरं यान कसं चालतं, हे होडीतून काठावर उडी मारणाऱ्याला ठाऊक असतं. आपण पुढे जातो, होडी मागे सरकते. अवकाशात ढकलायला ना पाणी, ना हवा. म्हणून मागे फेकायचं ते सामान बरोबरच न्यावं लागतं. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'चांद्रयान-३' निघालं, तेव्हा अग्निबाणाचं वजन होतं सुमारे ६४० टन आणि यानाचं ३.९ टन. शंभर रुपये खर्चून हाती साठ पैसे! कुठल्या मॅनेजरनं असं कर्ज मंजूर केलं असतं? पण निसर्गाकडे घासाघीस चालत नाही.

कथेला थोडी उधारी चालते, इतिहासाला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानं ग्रहांवर जात असल्याचा दावा झाला, तो 'वैमानिक शास्त्रा'च्या आधारानं. या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच केली होती. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणा नवख्याच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले! पुढे 'वामन परत न आला' लिहिताना त्यांनी नाव घेतलं ते तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या बटूचं. पुराणातून घ्यायचं ते असं, उजळ माथ्यानं. त्यासाठी पुराणाला प्रयोगशाळेचा दाखला चिकटवावा लागत नाही.

आता नागिणीकडे वळू. गेल्या मे महिन्यात मुळशीकडे, माले गावी, ओसरीवर पोरांचा वाद रंगला होता. श्रीदेवीचा 'नगीना' १९८६ सालचा. पण इच्छाधारी नागीण काही टीव्हीवरून हटत नाही. पंचावन्न किलोची बाई दीड किलोचा साप झाली, तर बाकीचे साडेत्रेपन्न किलो गेले कुठे? धाकट्याचं म्हणणं, हवेत. सातवीतली त्याची बहीण म्हणाली, हवेत कसे, वास नाही का येणार? 'टर्मिनेटर'च्या दुसऱ्या भागातला द्रवधातूचा खलनायक आपल्याच आकारमानाची रूपं घेतो, म्हणून तो तिला पटतो. नागीण पटत नाही.

मी म्हटलं, आइनस्टाइनच्या हिशेबानं त्या वजनाची ऊर्जा झाली असेल. पण हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये एक ग्रॅमसुद्धा वस्तुमान ऊर्जेत बदललं नव्हतं. साडेत्रेपन्न किलो म्हणजे तसले सत्तर हजारांहून जास्त बॉम्ब, आणि तेही बाईनं फणा काढायच्या आत!

पोरं क्षणभर गप्प झाली. मग धाकटा म्हणाला, "आबा, मग नागिणीलाच यानाच्या इंजिनात बसवू या की! इंधनच नको."

मला ही कल्पना व्हर्नच्या तोफेपेक्षा सरस वाटली. बहिणीनं मात्र लगेच खोडा घातला. "आणि उतरल्यावर परत बाई व्हायला साडेत्रेपन्न किलो आणायचे कुठून?"

"चंद्रावर माती आहे की," धाकटा म्हणाला. जेवायची हाक आली, तरी ती माती नागिणीला पचेल की नाही, यावर दोघं भांडतच होती.