राख, ओल आणि खंगर : घरगुती पेलेट-इंधनाची पारख

लाकडी पेलेट म्हणजे वाळवून बारीक दळलेला लाकडाचा भुसा पोलादी साच्याच्या छिद्रांतून दाबून काढलेली, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची कांडी. चांगल्या पेलेटमध्ये डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. साच्यातून जाताना घर्षणाने भुसा १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापतो, लाकडातले लिग्निन मऊ पडते आणि कांडी निवताना तेच कणांना धरून ठेवते. सुट्या भुशाचे वजन घनमीटरला दीड-दोनशे किलो भरते, पेलेटचे ६०० किलोच्या वर. त्यामुळे वाहतूक परवडते, साठवण सोपी होते आणि शेगडीत इंधन मोजून सोडता येते. हाच माल पिस्टनच्या यंत्रात ६० किंवा ९० मिलिमीटरच्या साच्यातून काढला, की त्याचा ओंडका होतो. बाजारात त्याला ब्रिकेट किंवा 'पांढरा कोळसा' म्हणतात.

१९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्येकडील लाकूड गिरण्यांच्या भुशापासून असे इंधन करण्याला जोर आला आणि १९८०च्या दशकात तिथे घर उबदार ठेवणाऱ्या पेलेट शेगड्या विक्रीस आल्या. पुढे स्वीडन, ऑस्ट्रिया, इटली या देशांत त्या घरोघरी गेल्या. या शेगडीत वर पेलेटची पेटी, खाली मळसूत्री दांडा आणि मागे पंखा असतो. दांडा ठरावीक वेगाने कांड्या अग्निपात्रात ढकलतो. यंत्र नाजूक, म्हणून इंधनाची प्रत काटेकोर ठरवावी लागली. आज जगभर वापरले जाणारे पेलेटचे दर्जे याच गरजेतून आले आहेत.

आपल्या बेळगावकडची गरज वेगळी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली थंडी खोली तापवण्याइतकी कडक नसते. घरात उष्णता लागते ती स्वयंपाकाला आणि अंघोळीच्या पाण्याला. पाण्यासाठीचे इथले साधन म्हणजे तांब्याचा बंब : मधोमध जाळाची उभी नळी, तळाशी जाळी, तिच्याखाली राखेची जागा आणि भोवती पाणी. बंबात ढलप्या, शेणी, नारळाच्या करवंट्या, मक्याची बुरकुंडे असे हाताला येईल ते जळत आले आहे. शिवाय भुशाची शेगडी होतीच. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा किंवा बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, दांडा काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीतून जाळ धरायचा. भुसा दाबून जाळला तर तो सावकाश आणि बराच वेळ जळतो, हे इथल्या घरांना पेलेटच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

पेलेटला लागणाऱ्या कच्च्या मालाच्या दृष्टीने बेळगावजवळचे मच्छे मोक्याच्या जागी आहे. बेळगाव–खानापूर रस्त्यावरचे हे गाव औद्योगिक वसाहतीचे. दक्षिणेला खानापूरचे जंगल आणि भाताची खाचरे. पश्चिमेला चंदगडच्या बाजूला काजू. उत्तरेला सुमारे ७५ किलोमीटरवर विडीच्या तंबाखूचे निपाणी आणि त्या वाटेवर उसाचा पट्टा. म्हणजे लाकडाचा भुसा, भाताचे तूस, काजूची टरफले, तंबाखूच्या काड्या, पाचट, चिपाड, भुईमुगाची फोलपटे हे सगळे एका दिवसाच्या गाडीभाड्यात येते. पोत्यातली कांडी यांपैकी कशाची आहे यावर तिची प्रत जवळपास ठरून जाते. दळून दाबल्यावर सगळ्यांचा रंग तपकिरीच दिसतो, आणि फसगत होते ती इथेच.

पारखीचा पहिला निकष राख. आंतरराष्ट्रीय दर्जानुसार घरगुती लाकडी पेलेटच्या पहिल्या प्रतीत राख ०.७ टक्क्याहून जास्त चालत नाही. दुसऱ्या प्रतीला १.२ आणि तिसरीला २ टक्के मुभा आहे. अमेरिकेतल्या उत्तम प्रतीची मर्यादा १ टक्का. शेतमालाच्या पेलेटसाठी वेगळा दर्जा आहे आणि त्यात वरच्या प्रतीलाही ६ टक्के, खालच्या प्रतीला १० टक्के राख चालते. साल काढलेल्या लाकडाच्या स्वच्छ भुशात राख अर्धा ते एक टक्का असते. साल मिसळली किंवा ओंडके मातीतून ओढून आणले, की ती वाढते. भुईमुगाच्या फोलपटात आणि चिपाडात ती साधारण २ ते ५ टक्के, पाचटात त्याहून जास्त, आणि भाताच्या तुसात १८–२० टक्के. रोज एक किलो इंधन जाळणाऱ्या घरात महिन्याला पहिल्या प्रतीच्या पेलेटची राख २०० ग्रॅमच्या आसपास पडेल. तुसाच्या पेलेटची साडेपाच किलो. तुसाच्या राखेला आणखी एक खोड आहे. ती जवळजवळ सगळी सिलिका असल्यामुळे जळूनही कांडीचा आकार धरून राहते, जाळीतून खाली झडत नाही आणि वारा अडवते.

राख किती याइतकेच ती कशाची हेही महत्त्वाचे. किंबहुना घरगुती शेगडीत हाच प्रश्न मोठा. वितळलेल्या राखेचा दगडासारखा गोळा म्हणजे खंगर. वीटभट्टीवर जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना हाच शब्द आहे आणि घडते तेही तेच. निव्वळ सिलिका १७०० अंशांच्या आसपास वितळते. तिला पोटॅशची साथ मिळाली, की मिश्रण हजार अंशांच्या आतच मऊ पडते. पेलेट शेगडीच्या अग्निपात्रात एवढे तापमान सहज चढते. मग राख चिकटते, भोके बुजतात, हवा कमी पडते आणि धूर होतो. म्हणून युरोपच्या दर्जात राखेचा आकार बिघडायला लागण्याचे तापमानही लिहिले आहे : पहिल्या प्रतीला किमान १२०० अंश. पिके जमिनीतून पोटॅश भरपूर उचलतात, त्यामुळे शेतातला काडीकचरा इथे मार खातो. पाचटात सिलिका आणि पोटॅश दोन्ही असतात. खंगरासाठी याहून सोयीचा जोड नाही. उसाचे चिपाड त्यामानाने बरे, कारण रसाबरोबर बरेच पोटॅश निघून जाते.

निपाणीच्या तंबाखूच्या काड्यांकडे या नजरेने पाहायला हवे. पाने खुडल्यावर खोडे उरतात आणि ती वाळली की चांगली पेटतात. पण तंबाखू पोटॅशचे हावरे पीक आहे, आणि काडीत नायट्रोजनही लाकडाच्या कित्येक पट असतो. घरगुती लाकडी पेलेटच्या पहिल्या प्रतीत नायट्रोजन ०.३ टक्क्याच्या आणि क्लोरिन ०.०२ टक्क्याच्या आत लागतो. नायट्रोजन जळून धुरात तिखट वायू जातात. क्लोरिन लोखंडी जाळी आणि धुराड्याचा पत्रा खातो. काजूची टरफले तर घरात जाळूच नयेत. त्यांतल्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळे-घसा जाळतो. तेल काढून उरलेली पेंड उष्णतेला जबर असते, पण तिच्यातही तेलाचा अंश राहतो. तिची जागा उंच धुराडे असलेल्या बॉयलरखाली.

दुसरा निकष ओल. दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये ती १० टक्क्यांपर्यंत चालते, शेतमालाच्या वरच्या प्रतीत १२. कोरड्या लाकडाची निव्वळ उष्णता किलोला साधारण ४५०० किलोकॅलरी धरली, तर १० टक्के ओलीला हाती ४००० उरते, २० टक्क्यांना ३५००, ३० टक्क्यांना ३०००, आणि नुकत्याच तोडलेल्या, निम्मे पाणी असलेल्या लाकडात २०००देखील नाही. पाण्याचे वजन पैसे देऊन घ्यायचे आणि ते उडवायला पुन्हा उष्णता खर्चायची, असा दुहेरी तोटा. ओलसर इंधनाचा जाळ थंड राहतो, धूर पुरता जळत नाही आणि नळीत काजळी धरते.

किलोकॅलरीच्या आकड्यांतही एक मेख आहे. उष्णता मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकीत धुरातली वाफ पुन्हा पाणी होताना सोडते ती उष्णताही धरतात. तो ढोबळ आकडा. दुसरीत ती वजा करतात; तो निव्वळ. शिवाय नमुना पूर्ण वाळवून मोजला की आहे तसा, यानेही फरक पडतो. एकाच पोत्यातले लाकडी पेलेट कोरडे-ढोबळ मोजले तर ४८००च्या पुढे आणि आहे तसे-निव्वळ मोजले तर ४०००, आणि दोन्ही अहवाल खरे. युरोपचा घरगुती दर्जा किमान १६.५ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ३९४० किलोकॅलरी मागतो, तो आहे त्या स्थितीत आणि निव्वळ. दोन विक्रेत्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच रीतीचे आहेत का, हे विचारल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

तिसरा निकष टणकपणा. प्रयोगशाळेत ५०० ग्रॅम पेलेट एका पेटीत मिनिटाला ५० या वेगाने ५०० वेळा फिरवतात आणि ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीवर काय उरते ते पाहतात. घरगुती वापराच्या वरच्या प्रतींत किमान ९७.५ टक्के उरावे लागते. चुरा जास्त असला, की मळसूत्री दांडा अडतो आणि बंबात चुरा जाळीतून न जळताच खाली सांडतो. घटक शुद्ध असूनही पेलेट भुसभुशीत निघाले, तर भुशाची ओल जमलेली नसते किंवा साचा झिजलेला असतो. तुसातली सिलिका साचे लवकर झिजवते.

भेसळ ओळखणे सर्वांत अवघड. फर्निचरच्या कारखान्यात सागाचा भुसा आणि प्लायवुड किंवा एमडीएफचा भुसा एकाच कोपऱ्यात झाडला जातो. प्लाय आणि एमडीएफमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडसारखे सरस असतात. असा भुसा घरात जाळणे धोक्याचे, आणि घरगुती दर्जाच्या वरच्या प्रतींना तो वर्ज्य आहे. पेटवल्यावर रंगासारखा उग्र वास आला किंवा चुऱ्यात सनमाइकचे चकचकीत कण दिसले, तर तो माल परत करावा.

भारतात पेलेटची मागणी वाढली ती औष्णिक वीज केंद्रांमुळे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी 'समर्थ' हे राष्ट्रीय अभियान उभे राहिले. शेतात पेटवून दिला जाणारा काडीकचरा त्यामुळे कामी येतो, आणि ते चांगलेच आहे. पण भारतीय कोळशात राख ३० ते ४० टक्के असते. त्याच्या शेजारी १० टक्के राखेचा पेलेट स्वच्छच ठरतो. वीज केंद्राला उत्तम वाटणारा हा माल बंबाला किंवा घरच्या शेगडीला निकृष्ट आहे. कारखानदार सहसा किलोकॅलरीवर भाव करतो. घराने राखेवर करायला हवा. पोत्यावर कच्चा माल, राख आणि ओल या तीन गोष्टी छापल्याशिवाय घरगुती पेलेट विकला जाऊ नये, एवढी मागणी गिऱ्हाइकाने धरलीच पाहिजे.

घरगुती पेलेटचा मोठा प्रयोग याच भागात झाला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या तंत्राची, पंखा जोडलेली 'ऊर्जा' शेगडी २००६पासून बीपी कंपनीने आणि पुढे फर्स्ट एनर्जी या कंपनीने महाराष्ट्र-कर्नाटकात विकली. भांड्यात पेलेट भरून वरून पेटवायचे; निघणारा वायू वरच्या हवेशी मिसळून जवळजवळ निर्धूर जळे. चार लाखांवर शेगड्या गेल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन राज्यांतली ९९८ घरे पाहिली होती. शेगडी घेतलेल्या घरांपैकी तोवर फक्त ९ टक्के ती वापरत होती. शेगडी वाईट नव्हती. घराला परवडेल अशा भावात पेलेट पुरवत राहणे जमले नाही. शेतातला टाकाऊ समजलेला माल गोळा करून गिरणीपर्यंत आणण्याचा खर्च मोठा असतो, आणि मागणी दिसली की तो टाकाऊ राहतही नाही. दुसरीही गोष्ट त्या अभ्यासात आहे : शेगडी घेण्यात गॅस वापरणारी घरे पुढे होती, कारण त्यांचा खर्च वाचत होता.

भावाचा हिशेब घरी करता येतो. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून ६० टक्के उष्णता भांड्यात उतरली, तर सुमारे ९२ हजार किलोकॅलरी मिळतात. ४००० किलोकॅलरीचा पेलेट पंख्याच्या शेगडीत ३५ टक्के कार्यक्षमतेने जळाला, तर किलोमागे १४०० मिळतात. म्हणजे एका सिलिंडरला ६६ किलो पेलेट. सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर पेलेटचा भाव किलोला साडेतेरा रुपयांच्या खाली हवा, तरच गाठीला काही उरते. ३५०० किलोकॅलरीचा माल असेल, तर हीच मर्यादा बारा रुपयांच्या आत येते.

बंबाच्या बाबतीत आकारही पाहावा लागतो. बारीक पेलेट थेट नळीत ओतले, तर काही जाळीतून गळतात आणि उरलेले दाटून बसून हवा कोंडतात. जुन्या बंबाला ६० मिलिमीटरच्या लाकडी ब्रिकेटचे तोडलेले तुकडे जास्त सोयीचे. पेलेट वापरायचे तर नळीत बसणारी, भोके असलेली लोखंडी टोपली हवी. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ८०० किलोकॅलरी लागतात. ३० टक्के उष्णता पाण्यात उतरली असे धरले, तर चांगल्या प्रतीचे पाऊण किलोहून थोडे कमी इंधन पुरते.

पोते घेताना काही परीक्षा तिथल्या तिथे होतात. चांगला पेलेट गुळगुळीत, आडव्या भेगा नसलेला असतो आणि मोडताना कट्‌ असा आवाज येतो. पाण्याच्या पेल्यात टाकला की तो बुडतो आणि थोड्या वेळात फुगून त्याचा भुसा होतो. न विस्कटता तसाच राहिला, तर आत सरस असण्याची शक्यता मोठी. पोत्याच्या तळचा मूठभर माल चाळून चुरा पाहावा. घरी आणल्यावर एक किलो तोलून जाळावे आणि निवलेली राख काट्यावर ठेवावी : १० ग्रॅमच्या आत असेल तर लाकूड, ५०च्या पुढे असेल तर पोत्यावर काहीही छापलेले असो, तो शेतमाल. राखेत खडे सापडले, तर तो खंगर.

साठवणीत पावसाळा कसोटी पाहतो. या भागात जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, आणि पाण्याचा शिडकावा झालेला पेलेट वाळवून पुन्हा कांडी होत नाही. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर आणि प्लॅस्टिकचे अस्तर असलेलीच ठेवावीत. मात्र खोली बंद करून मोठा साठा करू नये. साठवलेल्या ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, आणि युरोपात अशा बंद कोठारांत शिरलेली माणसे दगावली आहेत. त्या वायूला वास नसतो. धूर दिसत नाही म्हणून पेलेटचा बंब न्हाणीघरात आणणेही त्याच कारणाने धोक्याचे. तो पडवीत किंवा परसातच पेटवावा.