पहारेकऱ्याची वही

आपल्या भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगा नदीवर गोसेखुर्द धरण आहे. त्याला 33 दरवाजे आहेत. पावसाळ्यात किती दरवाजे उघडायचे आणि किती उंच उघडायचे, हे नियमाप्रमाणे ठरते. दरवाजे लोखंडाचे असतात. नियम लिहिलेले असतात. हे नियमच हरवले, तर मजबूत दरवाजे काय कामाचे?

संगणकाच्या जगातही असा एक दरवाजा असतो. मोठ्या कार्यालयांत, बँकांत आणि रुग्णालयांत रोज शेकडो ईमेल येतात. त्यांतील काही निव्वळ जाहिराती असतात, काही फसवणुकीसाठी पाठवलेले असतात, तर काहींबरोबर विषाणू येतो. मे 2000 मध्ये फिलिपाईन्स देशातून निघालेला 'आय लव्ह यू' नावाचा विषाणू प्रेमपत्राचे सोंग घेऊन जगभर पसरला. सोबतची फाईल उघडताच तो संगणकातील अनेक फाईली नष्ट करी आणि पत्त्यांच्या यादीतील लोकांना तेच पत्र पाठवी.

म्हणून ईमेल आत येण्यापूर्वीच ते तपासणारे यंत्र बसवतात. हे यंत्र म्हणजे दारावरचा पहारेकरीच. पण पहारेकऱ्याला हुकूम द्यावे लागतात. कोणाचे पत्र आत सोडायचे? कोणत्या प्रकारची फाईल अडवायची? संशय आला तर पत्र कोठे ठेवायचे? हे सर्व हुकूम एका फाईलीत लिहिलेले असतात. तिला 'कॉन्फिगरेशन फाईल' म्हणतात. आपण तिला पहारेकऱ्याची वही म्हणू.

यंत्र बिघडले, तर नवे विकत आणता येते. पण नव्या यंत्राला आपले हुकूम ठाऊक नसतात. वही नसेल, तर प्रत्येक हुकूम आठवून पुन्हा द्यावा लागतो. एखादा विसरला, तर विषाणू आत शिरतो. एखादा चुकला, तर शिष्यवृत्तीचे पत्र किंवा रुग्णाचा तपासणी अहवाल दारातच अडकतो. पाठवणाऱ्याला वाटते, पत्र पोहोचले. वाट पाहणाऱ्याला वाटते, पत्र पाठवलेच नाही.

मग ही वही कशी सांभाळावी?

पहिली गोष्ट, कोणताही बदल करण्यापूर्वी वहीची नक्कल काढावी. उर्दूतील 'नकल' हा शब्द मराठीत 'नक्कल' होतो, हे ध्यानात ठेवा. नकलेवर तारीख घालावी. कोणी, काय व का बदलले, तेही लिहावे. बदल अंगावर आला, तर जुनी नक्कल चढवून मागे फिरता येते.

दुसरी गोष्ट, नक्कल त्याच यंत्रात ठेवू नये. घर जळाले, तर घरातली दोन्ही कुलुपे जळतात.

तिसरी गोष्ट पासवर्डची. वहीत गुप्त पासवर्डही असतात. काही यंत्रांत नक्कल काढताना पासवर्ड झाकण्याची सोय असते. अशी नक्कल दुसऱ्याला दाखवण्यास चांगली. परंतु ती यंत्रात परत चढवता येत नाही. म्हणून पासवर्डसह पूर्ण नक्कलही हवी, आणि ती मोजक्याच जबाबदार माणसांच्या हाती असावी.

चौथी गोष्ट, नक्कल चालते का, हे आधीच पाहावे. यंत्रातील प्रणाली बदलली, तर जुनी वही नव्या यंत्राला वाचता येईलच असे नाही. संकटाच्या दिवशी हे कळून उपयोग काय?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे यंत्र सांभाळील. त्या दिवशी आधी नक्कल काढा, तिच्यावर तारीख घाला आणि मगच बदलाला हात लावा. कोणाचे तरी महत्त्वाचे पत्र त्या दारातूनच येणार आहे.