चपाती बंद करण्याआधी



या भित्तिपत्रकात आरोग्याचा लेख नेहमी बाई लिहितात. या खेपेला त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या आजाराचं तुम्हीच लिहा. तुम्ही त्यातनं गेलाय." लिहिण्याची सवय नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आजाराचे नाव सिलिॲक. तो गहू खाल्ल्याने बळावतो असे सांगितले की पहिल्यांदा कोणी खरे मानत नाही. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "गव्हानं कुणी आजारी पडतंय व्हय? आमच्या येळंला पाव्हणा आला तरच चपाती व्हायची."

आधी घरी एक प्रयोग करून पाहा. कणकेचा लिंबाएवढा गोळा अर्धा तास ठेवा आणि पाण्यात चोळून चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते बदलत राहा. (पांढरे पाणी फेकू नका, म्हशीला घाला.) शेवटी हातात रबरासारखा चिवट तुकडा उरतो. ओढला की लांबतो. ते ग्लुटेन. त्याच्यामुळे चपाती लाटता येते. ज्वारीच्या पिठाचा गोळा धुतलात तर हातात असे काही उरत नाही. म्हणून तर भाकरीच्या पिठाला कढत पाणी लागते आणि ती लाटत नाहीत, थापतात. ग्लुटेन गव्हात, जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात असते.

आता पोटात काय होते ते पाहू. सोलापूरचा टर्किश टॉवेल सर्वांनी पाहिलाच आहे. त्याच्या अंगावर धाग्याचे बारीक फास उभे असतात, म्हणून तो पाणी टिपतो. फास झिजून टॉवेल गुळगुळीत झाला की पाणी नुसते पसरते. लहान आतड्याला आतून अशीच लव असते आणि ती अन्नरस टिपून घेते. सिलिॲक असलेल्या मुलाचे शरीर ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्याची लव सपाट करून टाकते. मग ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मुलांनी विशेष ध्यानात घ्यावे. शेजारी बसून डबा खाल्ल्याने काहीही होत नाही.

आमच्या मुलीचे पोट पुढे आलेले, हातपाय काड्या. सारखे जुलाब. वर्गात उंचीने शेवटून पहिली. जंताच्या गोळ्या झाल्या, रक्त वाढायचे औषध झाले. औषध चालू असूनही रक्त वाढेना. तेव्हा पाहुण्यांपैकी एकाने सांगितले की गहू बंद करून बघा. आम्ही बंद केला. महिनाभरात जुलाब थांबले, पोरगी खेळू लागली. आम्हांला वाटले, रोग सापडला.

आणि इथेच आमची चूक झाली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी रक्त तपासले, तर अहवाल स्वच्छ! डॉक्टरांनी विचारले, "गहू खाते का?" मी म्हटले, "बंद केलाय की." ते म्हणाले, "मग तपासणीत काय दिसणार, बाई?"

ही तपासणी टीटीजी-आयजीए नावाची आहे. झटापटीत शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती या तपासणीत मोजतात. गहू थांबला की झटापट थांबते, प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात आणि आजार असूनही तपासणी नाही म्हणते. म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू पोटात असावा लागतो. सोबत एकूण आयजीएही मोजून घ्यावे. काहींच्या रक्तात ते मुळातच कमी असते आणि मग पहिली तपासणी फसते. हे आपण होऊन विचारावे.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. बरी झालेली पोर, तिला सकाळ-संध्याकाळ चपाती खायला घालायची आणि रात्री तिचे पोट चोळत बसायचे. सासूबाई बोलत नव्हत्या माझ्याशी. आधी तपासले असते तर यातले काहीच करावे लागले नसते.

दुसऱ्या वेळी आकडा वर आला. मग सोलापूरला नेऊन, गुंगी देऊन, तोंडातून दुर्बीण घातली आणि आतड्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढून तपासले. लव सपाट झालेली होती. आकडा मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल, तर रक्ताचा दुसरा नमुना तपासून काही मुलांची दुर्बीण टाळता येते. पण ते मुलांच्या पोटविकाराच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.

गहू बंद, गहू चालू, हाच खेळ एका डॉक्टराने पूर्वी पाहिला होता. नेदरलँड्समधील विलेम डिके हे मुलांचे डॉक्टर. त्यांच्याआधी लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचे नीट वर्णन केले होते, पण कारण उमगले नव्हते. कोणी मुलांना नुसती केळी चारत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, डिके यांच्या देशात दुष्काळ पडला. पाव मिळेना. सारी मुले खंगत असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारली आणि पाव परत मिळू लागला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांचा गव्हावर संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला.

भारतात हा आजार चपाती खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त आढळतो, तिकडे साधारण शंभरात एकाला. आपल्या भागात रेशनमुळे गहू आता घरोघर रोज आहे, तेव्हा आपल्याकडे तो नसतोच असे समजू नये. पण पोट दुखले की गहू बंद, असेही करू नये. सिलिॲक नसूनही काहींना गहू सोसत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी नाही. आधी सिलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी नाही ना, हे पाहूनच ते ठरते. सिलिॲक ठरले तर मात्र गहू जन्मभर वर्ज्य, चिमूटभरही नाही. एवढी मोठी गोष्ट अंदाजाने कशी ठरवणार? शिवाय ठरले तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करावी लागते. आमचा मुलगा सध्या ठीक निघाला, पुढेही बघत राहायचे आहे.

पथ्याच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. मालदांडी ज्वारी आपल्याच रानातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळ्या डाळी चालतात. खपली गहू चालतो असे काहीजण सांगतात, ते साफ चूक. खपलीही गहूच. रवा, मैदा, शेवया, बिस्किटे नकोत.

अडचण येते गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याचे पीठ जात्यात राहते आणि आपल्या ज्वारीत उतरते. आम्ही तीन महिने पथ्य पाळूनही आकडा पाहिजे तसा उतरेना, तेव्हा हे कळले. आता ज्वारी घरच्या जात्यावर दळते. पोळपाट, लाटणे, तवाही तिचा वेगळा.

शाळेतली खिचडी तांदळाची, म्हणून मी निर्धास्त होते. एकदा हिंगाची डबी सहज वाचली. बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, त्या डबीवरही तसे लिहिलेले होते. स्वयंपाकाच्या मावशींना दाखवले. त्या म्हणाल्या, "आता गं बया, हिंगात पण?" आता त्या खिचडीला हिंग घालत नाहीत, आणि आमच्या मुलीची थाळी सगळ्यांच्या आधी वाढतात.