कोयत्याच्या जिल्ह्यातला बहावा

बीड जिल्ह्याचं वर्ष दसऱ्यापासून मोजावं. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोडणीची जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि लेकरं ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर निघतात. कारखान्यांचा पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे परततात. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार इथल्या गावांत त्या काळात म्हातारी माणसंच उरतात. या जिल्ह्यात फुलझाड लावायचं तर हा हिशेब आधी करावा लागतो. जुलैत लावलेल्या रोपाला पाण्याची गरज लागते ती माघ-फाल्गुनात, आणि तेव्हाच खड्डा खणणारे हात गावात नसतात.

शाळेच्या आवारात नाहीतर बसस्थानकाजवळ दिसतो तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वाढतो झपाट्यानं, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या हमखास मोडतात. ताम्हण हे राज्यफूल खरं, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड. बालाघाटाच्या मुरमाड माळावर, वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या आणि मधेच दडी मारणाऱ्या पावसावर ते कसं तगणार? बहावा मात्र आपल्याच पानझडी रानातला आहे. हलकी जमीन त्याला चालते, उन्हाळ्यात तो पानं गाळून पाण्याचा खर्च कमी करतो आणि मूळ खोल नेतो. शेळ्या-गुरं त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत. कुंपणाची ऐपत नसलेल्या गावाला हा गुण फुलांपेक्षा मोलाचा वाटेल.

चैत्र-वैशाखात झाड फुलतं तेव्हा एखादा घोस हातात धरून पाहावा. फुलात दहा पुंकेसर असतात आणि त्यांतले तीन लांब, बाकदार असतात. मध जवळपास नसतोच. काळा भुंगा येतो, तो परागासाठी. आखूड केसरांना बिलगून तो अंग थरथरवतो, तशी परागाची भुकटी झडते. लांब केसरांचा पराग त्याच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या फुलावर पोचतो. एवढ्या फुलांमधून घोसाला एखाद-दुसरीच शेंग धरते.

ती शेंग हात-दीड हात लांब होते, दिवाळीत हिरवी असते आणि पुढं काळीकुळकुळीत होते. फोडली की आडवे पडदे दिसतात. पडद्यापडद्यात काळा, चिकट, गोडसर मगज आणि एकेक चपटं, चकचकीत बी. मगज रेचक असतो. आयुर्वेदाचा आरग्वध तो हाच. पण लेकरांना तो चाखायला देऊ नये. रानात माकडं आणि कोल्हे शेंगा फोडून मगज खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. न फुटलेल्या शेंगेतल्या बियांना बहुधा कीडच लागते.

बी तसंच पेरलं तर महिनोन् महिने मातीत पडून राहतं, कारण कवचातून पाणी आत शिरत नाही. संक्रांतीनंतर पक्व शेंगा काढाव्यात, बिया धुऊन वाळवाव्यात. मग एकेक बी खरबरीत दगडावर कडेला घासून रात्रभर पाण्यात ठेवावं. बिया जास्त असतील तर चुलीवरून उतरवलेल्या उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत तशाच राहू द्याव्यात. फुगलेल्या तेवढ्याच पोयटा, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशवीत पेराव्यात. मूळ पिशवीत गुंडाळलं जाऊ लागलं की रोप दगावण्याची शक्यता वाढते, म्हणून लावताना तळाचं वेटोळं कापून टाकावं.

दीड फुटाचा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. मृगाचा चांगला पाऊस झाला की वर्षभराचं दांडगं रोप लावावं. माजलगाव-गेवराईकडच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथं उंचवटा करूनच. दसऱ्याला गाव सोडण्याआधी तीन कामं उरकावीत: आळं नीट करणं, त्यात उसाचं पाचट जाड पसरणं आणि बुडाशी छिद्राचा मातीचा माठ पुरणं. पाचटाला वाळवी लागते, म्हणून ते खोडापासून वीतभर लांब ठेवावं आणि मातीत निंबोळी पेंड मिसळावी. माठ आठवड्यातून एकदा भरणं मागं राहिलेल्या आजीलाही जमतं. फुलं यायला सहा-आठ वर्षं लागतात, पण काळजी घ्यायची ती पहिली दोन.

बीडला झाडांची हौस नाही असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये शहराजवळच्या पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई या संस्थेनं वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं. त्याआधीच्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशा मोहिमांत आकडा खड्ड्यांचा आणि रोपांचा धरला जातो, तोही पावसाळ्यात. बीडसारख्या जिल्ह्यात ग्रामपंचायतींनी ही मोजणी दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात करावी आणि लागवडीचा निधी जगलेल्या रोपांवर ठरवावा. मग कोणतं झाड लावायचं, हे रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर ठरणार नाही. दसऱ्यानंतर गावात कोण उरतं आणि त्याच्याच्यानं किती पाणी वाहवेल, यावर ठरेल. त्या कसोटीला बहावा उतरतो.